पोर कुठं हाय?

बैठक शुक्रवारी ठेवली ती केसरीनाथकाकांसाठी. शुक्रवारी भिवंडीत निजामपुऱ्यातले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात, त्यामुळे त्या दिवशी 'कारखान्यात अडकलो' असं त्यांना म्हणता येत नाही.

धनेशने सकाळीच हॉलमध्ये खुर्च्या मांडून घेतल्या. सह्या तिघांच्या लागत होत्या. एक त्याच्या वडिलांची, रामनाथ तऱ्यांची. दुसरी धाकट्या काकांची, केसरीनाथांची. तिसरा अंगठा पुतळाबाईंचा. पुतळाबाई वडिलांची चुलती, ऐंशीची, मूलबाळ नसलेली विधवा. नवऱ्याच्या मागे सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं होतं आणि ते तिला नीट ठाऊक होतं.

खाडीकडचं शेत गोदामवाल्या कंपनीला जायचं होतं. पूर्णे गावात आता दोन्ही बाजूंनी गोदामंच होती, मधे तऱ्यांचं हे एवढं शेत आणि त्याच्या कडेचा जुना बांध उरला होता. सोमवारी ताबा द्यायचा. सगळं ठरलेलं. आणि बुधवारी बांध सपाट करायला गेलेला पोकलेन तसाच उभा राहिला.

"सेठ, दो औरतें पत्थर के पास बैठी हैं," ड्रायव्हरने फोनवर सांगितलं होतं. "हटती नहीं. बोलती भी नहीं. मैं मशीन नहीं चलाऊँगा."

त्या दोघी कोण हे धनेशला विचारावं लागलं नाही. डोंगराकडच्या पाड्यावरची धाकली नावाची वारलीण आणि तिची मुलगी सुवर्णा. दर वर्षी भात कापून झालं की त्या बांधावरच्या दगडाला शेंदूर लावायला यायच्या, दगडाशी काहीतरी पुटपुटायच्या आणि आल्या वाटेने परत जायच्या. तऱ्यांच्या घरातलं कुणी त्यांना कधी हटकलं नव्हतं. कुणी काही विचारलंही नव्हतं. का विचारलं नाही, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्या दगडाखाली माणूस आहे असं म्हणत. हिरू तऱ्याने, म्हणजे रामनाथच्या पणजोबांच्या बापाने, खाडी हटवून ते शेत काढलं. तीन वेळा बांध फुटला. चौथ्यांदा फुटला नाही. का फुटला नाही, तर त्यात माणूस घातला, बाई घातली. तऱ्यांच्या घरात हे कुणी मोठ्याने बोलत नसे, आणि मुलांनी विचारलं तर पाठीत धपाटा मिळे.

साडेदहाला वडिलांची जीप अंगणात आली. मागच्या सीटवरून धाकली उतरली, तिच्यामागून सुवर्णा.

धनेश पायऱ्या उतरून वडिलांजवळ गेला. "बाबा, यांना कशाला आणलंत? मी वकिलाला सांगून दोन माणसं पाठवणार होतो."

"मी आनली."

"पण कशाला?"

रामनाथने चप्पल काढली, पाय झटकले. "इचाराया. माझ्या बापानं न्हाय इचारला, त्याच्या बापानं न्हाय इचारला. परवा मशीन उभी राह्यली तवा मला वाटला, आता बांधच राहनार न्हाय, मंग इचारनार कवा?"

"आणि त्यांनी हो म्हटलं तर? आमची बाई तुमच्या माणसानं पुरली, असं सांगितलं तर?"

"तं कलंल तरी," रामनाथ म्हणाला आणि आत गेला.

हॉलमध्ये धाकली दाराशीच फरशीवर बसली. साठीची, काटक, काळीसावळी, नेसूचं गुडघ्यापर्यंत. सुवर्णा मात्र उभी राहिली. ती पाड्याजवळच्या शाळेत पोषण आहार शिजवायची. पंजाबी ड्रेस घातलेला, हातात मोबाइल. तिची नजर एकेकावरून फिरत होती.

"वर बस ना, खुर्ची हाय," रामनाथ म्हणाला.

"बरी हाय हितं."

तेव्हा पुतळाबाई सोफ्यावरून उठली. गुडघ्यावर हात रोवत, कण्हत, ती चार पावलं चालली आणि धाकलीच्या शेजारी फरशीवर बसली. केसरीनाथकाकांनी घड्याळाकडे पाहिलं.

"बोला आता लवकर," ते म्हणाले. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे ते साधं बोलले तरी ओरडल्यासारखं वाटे. "काय पायजेल हिला ते द्या नि मोकले व्हा."

•

पूर्वीने पर्समध्ये कागद ठेवला होता आणि ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती.

ती केसरीनाथची मुलगी. भिवंडी कोर्टाजवळच्या एका वकिलाकडे कामाला होती. याच व्यवहारासाठी जमिनीचे जुने कागद शोधण्याचं काम तिने हौसेने अंगावर घेतलं होतं. घरचीच जमीन, म्हणून. जुन्या नकाशाच्या गठ्ठ्यात मोडी लिपीतलं एक पान शिवलेलं सापडलं. कोपऱ्यावर शके अठराशे. तिने त्याची नक्कल मिळवली, ठाण्यातल्या एका निवृत्त मास्तरांकडे नेली. मास्तरांनी भिंग लावून वाचलं, तिने बसून उतरवून घेतलं. दोन पानं झाली. परत येताना रिक्षात तिने ती पुन्हा वाचली, आणि घर कधी आलं तिला कळलं नाही.

तिने ती फक्त बाबांना दाखवली होती.

"सह्या होईपर्यंत तोंडातनं शब्द काढायचा न्हाय," केसरीनाथ तेव्हा म्हणाले होते. आवाज बारीक करायचा प्रयत्न केला होता त्यांनी. "आदिवासीचा नाव निघाला की कंपनी उठून जाईल. नि तुझी काल्हेरची सोयरीक? ती मानसं काय म्हनतील?"

पंधरा दिवस ती गप्प होती. काल्हेरच्या मुलाशी रोज फोनवर बोलत होती आणि त्यालाही सांगत नव्हती.

"धाकले," रामनाथकाका म्हणत होते, "एवढाच सांग. तो दगड तुमचा कोन हाय?"

"बाय हाय आमची." धाकलीने पदर खांद्यावर ओढला. "सोनी. माझ्या आज्याचा बाप लखमा, त्याची थोरली बहीन."

"तिला... आमच्या हिरूनं..." रामनाथकाका म्हणाले.

"बांधात घातली. असा तुमी म्हनता."

"आन तुमी?"

"आमाला ठावं न्हाय," धाकली म्हणाली. "ती भात कापाया खाली आली. हिरूच्या घरात राह्यली. पोर झाला, ते लखमानं बगितला. एकदा आनला होता तिनं पाड्यावर. मंग कोनतरी सांगत आला, सोनी गेली, हिरूनं बांधावर दगड लावला. लखमा पलत खाली आला. हिरूच्या दारात हाका मारल्या. हिरू भाईर न्हाय आला. लखमा बांधावर तीन दिस बसला, दगडापाशी."

"भांडायला?" धनेशने विचारलं.

धाकलीने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "न्हाय. भांडून ती थोडीच येनार होती? त्याला येवढाच इचारायचा होता, पोर कुठं हाय?"

पंखा थांबला. लोडशेडिंगची वेळ झाली होती. एकदम शांत झालं, आणि रस्त्यावरच्या कंटेनरचा हॉर्न थेट हॉलमध्ये आल्यासारखा वाजला.

"बहीन गेली ती गेली," धाकली पुढे म्हणाली. "पन पोर आमचा बी होता. जित्ता हाय का तिच्यासंगं गेला? हिरूनं सांगितला न्हाय. मंग लखमा दगडालाच इचारून गेला. दर साली येतो आमी, तेच इचारतो. बाय, तुझा पोर कुठं हाय? माझा आजा आला, बा आला, त्याच्या मागं मी. माझ्या मागं ही येईल." तिने सुवर्णाकडे हात केला. "दगड काढा पायजे तं. पन मंग इचारायचा कोनाला, ते सांगा."

सव्वाशे वर्षं, पूर्वीच्या मनात आलं. सव्वाशे वर्षं ही माणसं दहा मैल चालत येऊन एकच प्रश्न विचारतायत, आणि उत्तर माझ्या पर्समध्ये आहे.

तिने चेन उघडली.

"पूर्वी!" केसरीनाथ ओरडले, आणि या वेळी ते खरंच ओरडणं होतं.

"बाबा, काल्हेरला मी सांगेन. मी स्वतः सांगेन."

"काय हाय?" रामनाथकाकांनी विचारलं.

"हिरू तऱ्यांची जबानी. बांधात बाई घातली अशी बातमी सरकारात गेली होती, तेव्हा मामलेदारापुढे त्यांनी दिलेली." तिने घड्या उलगडल्या. कागद मांडीवर ठेवून ती वाचायला लागली.

"माझे नाव हिरू बिन गोमा तरे, जात आगरी, उमर अदमासे वर्षे अठ्ठावीस, धंदा शेती, राहणार मौजे पूर्णे. विचारल्यावरून लिहून देतो ऐसा जे, सोनी वारलीण ही माझे घरी तीन वर्षे राहत होती. आमचा पाट लागला नाही. भात कापणीस आली ती राहिली. खाडीचा बांध मी व तिने मिळून घातला. माती तिने वाहिली, चोपणी मी केली. तीन वेळ उधाणाने फुटला. गावचे कोणी मदतीस आले नाही."

"मिलून घातला," पुतळाबाई हळूच म्हणाली.

"चौथे वेळी आश्विन अमावास्येस भरती चढत असता उघाडीची फळी निसटली."

"उघाडी म्हणजे?" सुवर्णाने विचारलं. ती आता खाली बसली होती, आईला टेकून.

"बांधातलं दार," रामनाथकाकांनी सांगितलं. "व्होटीला शेतातला पानी खाडीत सोडायचा, भरतीला फली लावून खारा पानी अडवायचा. फली गेली का शेत गेला. तीन साल पिकत न्हाय मंग. वाच, पोरी."

"भोक लहान, माझे अंग आत जाईना. ती बारीक. म्हणाली, मी उतरते, तू दोर धर. मुलगा बांधाचे पाळीवर निजविला होता. मी दोर धरिला. तिने फळी बसविली. वर येते वेळेस लाट आली व मुलगा पाळीवरून घसरून पाण्याकडे जाऊ लागला. मी एक हात दोरास व एक मुलास घातला. दोर सुटला."

पूर्वी थांबली. रिक्षात ती याच ओळीवर थांबली होती.

"पुढं," धाकली म्हणाली.

"प्रेत मिळाले नाही. मी तिला बांधात घातली असे लोक म्हणतात ते खोटे. दोर सुटला हे खरे. दगड मी लाविला. तिचा भाऊ येऊन तीन दिवस बांधावर बसला. मी घराबाहेर गेलो नाही. मुलगा नेईल या भयाने गेलो नाही. मुलगा जिवंत आहे, माझेजवळ आहे, वर्षे सव्वा, नाव जान्या. लिहून दिले सही. निशाणी नांगराची."

•

जान्या हा शब्द ऐकल्याबरोबर पुतळाबाईने डोळे मिटले.

भिंतीवर जो वंशवृक्ष रामनाथने मोठ्या खर्चाने रंगवून घेतला होता, त्यात हिरूच्या खाली 'जनार्दन' होतं. ते नाव रंगवताना रामनाथने तिलाच विचारलं होतं, काकी, बरोबर ना? आणि ती हो म्हणाली होती. खोटं नव्हतं. पण पूर्णही नव्हतं.

चौदाव्या वर्षी ती या घरात आली तेव्हा जनार्दन जिवंत होता. सगळे त्याला मोठा आजा म्हणत. चौसष्ट-पासष्टचा, उंच, फार कमी बोलणारा. तिला त्याची भीती वाटे. लग्नानंतरच्या पहिल्या कापणीला सासूने तिला पेज घेऊन शेतावर पाठवलं. बांधावर पाड्यावरचे वारली आले होते. तिने आजाला शोधलं, तर तो पेंढ्याच्या उडवीमागे बसला होता. लपून. एवढा मोठा माणूस, पोरासारखा गुडघे पोटाशी घेऊन.

"आजा, पेज," ती म्हणाली.

त्याने तोंडावर बोट ठेवलं. तिकडून त्यांचा आवाज येत होता. 'बाय, तुझा पोर कुठं हाय?' तीनदा विचारलं त्यांनी. मग गेले. आजा तसाच बसून राहिला, पेज गार झाली.

पुढच्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी तिला राहवलं नाही. "ते कोनाला इचारतात, आजा?"

"मला," तो म्हणाला.

"मंग तुमी जाऊन सांगत का न्हाय?"

त्याने पेजेचं भांडं बाजूला सारलं. मग म्हणाला, "बापानं शपथ घातली व्हती, आईकडच्यांना कलू द्याचा न्हाय. बाप मेला तवा मी पन्नाशीचा. म्हटला, जाऊ आता. पन पोरी, ते पोर इचारतात. मी म्हातारा झालो. म्हाताऱ्याला बगून कोन म्हनंल हा आमचा पोर?"

पुढच्याच पावसाळ्यात तो गेला. आजाशी बोलणं झालं त्या संध्याकाळी तिने सासूला विचारलं, तर सासूने तिचा कान पिळला आणि सांगितलं, आपल्या घरात वारल्याचं रगात हाय, हे परत तोंडातून काढलंस तर माहेरी पाठवीन. तेव्हापासून पुतळाबाई गप्प होती. साठ वर्षं. आधी भीतीने, मग सवयीने. नवऱ्यालाही नाही सांगितलं.

आता तिने ते सगळं सांगितलं. मधेमधे श्वास लागत होता. धाकलीने एकदाही तिला थांबवलं नाही, फक्त ऐकता ऐकता तिचा हात कधी आपल्या हातात घेतला ते दोघींनाही कळलं नसावं.

"उडवीमागं बसायचा?" धाकलीने शेवटी विचारलं.

"हां. आईकायचा समदा."

"म्हंजे माझा आजा इचारत होता, नि तो तिथंच..." मग ती एकाएकी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "खुलाच होता तुमचा म्हातारा! पन्नास पावलं व्हती नं!"

•

रामनाथ भिंतीवरच्या वंशवृक्षाकडे पाहत होता. हिरूनं पुढे जातीतली बायको केली होती, तिला मूल झालं नव्हतं. म्हणजे जनार्दनाखाली जेवढी नावं होती, त्याचं, केसरीनाथचं, धनेशचं, पूर्वीचं, ती सगळी सोनीची. आणि झाडात सोनीच नव्हती.

त्याला लहानपणापासून एक भीती होती. आपण खातो तो भात कुणाच्या तरी मढ्यावर उगवतो, ही भीती. मुलगा आजारी पडला, बायको वारली, प्रत्येक वेळी त्याच्या मनात बांधावरचा दगड आला होता. ती भीती आता नव्हती. तिच्या जागी काय आलं हे त्याला अजून कळत नव्हतं. एक हात दोराला, एक हात पोराला. त्याने आपले हात पाहिले. आपण असतो तर काय केलं असतं?

"दादा," केसरीनाथ म्हणाला. ओरडला नाही. "झाला ते झाला. आईकून मलाबी वाईट वाटला. पन आता ही मागनार. आज आजोल म्हनंल, उद्या हिस्सा म्हनंल. ही दुसरी," त्याने सुवर्णाकडे बोट केलं, "शिकलेली हाय. कोर्टात जाईल."

सुवर्णा ताडकन उभी राहिली. "मला कोर्ट माहीत आहे, काका. जायचं असतं तर बुधवारी पोलिसात गेले असते. दोन दिवस उन्हात बसले नसते."

"काकांना काय म्हणायचं होतं..." धनेशने सुरुवात केली.

"मला कललं काय म्हनायचं होतं," धाकली म्हणाली. ती रागावलेली नव्हती. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. "थांबा जरा. लखमा, आजा, बा, मी. तुमच्याकडं सोनी, जान्या, त्याच्या खाली?"

"गनपत, माझा आजा," रामनाथ म्हणाला. "मंग माझा बाप विठू."

"म्हंजे विठू नि मी सारकी. तू माझा भाचा लागतस." तिने केसरीनाथकडे पाहिलं. "हा बी भाचा. मोठ्यानं बोलनारा."

पुतळाबाई खुदकन हसली. केसरीनाथने उगाच पंख्याकडे पाहिलं. पंखा बंदच होता.

रामनाथ उठून तिच्यापुढे येऊन बसला, फरशीवर, मांडी घालून. सहासष्ट वर्षांच्या गुडघ्यांनी कुरकुर केली. "मावशी म्हनू का आत्या, ते तूच सांग. पन तुला काय पायजेल? मागशील ते बोल. आता धनेशबी हाय, सगले हायत."

धनेश पुढे वाकला.

"मला तिला सांगायाचं हाय," धाकली म्हणाली. "येवढी वर्सं इचारलं, आता सांगायला नको? चला तुमी बी. नुसतं तोंडानं सांगून काय, पोर दाखवाया नको?"

"नि ताब्याचं?" केसरीनाथने विचारलं.

उत्तर पुतळाबाईने दिलं. "शेत द्या. शेताला कोन न्हाय म्हनत न्हाय, आता पिकवनार कोन? पन बांधावर माझा अंगठा न्हाय. बांध दोघांनी घातला, एकट्या हिरूचा न्हाय तो इकायला. लिवा दुसरा कागद."

"आजी, कंपनीनं नकाशा पास केलाय!" धनेश म्हणाला.

"करू दे की. मी न्हाय केला."

•

केसरीनाथकाका आले नाहीत. लूमवर मेस्त्री येणार आहे म्हणाले, शुक्रवार असूनही. जाताना त्यांनी पूर्वीला गाडीत बसायला सांगितलं. ती जीपमध्ये पुतळाबाईशेजारी जाऊन बसली. ते एकटेच गेले.

जीप बांधापर्यंत जात नव्हती. शेवटचा तुकडा सगळे चालत गेले, पुतळाबाईला धनेशने एका बाजूने धरलं होतं आणि सुवर्णाने दुसऱ्या. धनेशच्या डोक्यात सोमवार होता. बांध वगळायचा म्हणजे मोजणी पुन्हा, नकाशा पुन्हा, कंपनीच्या माणसाची बोलणी. आणि तरीही मधेच कुठेतरी त्याच्या तळहातात दोराचा काच जाणवत होता. त्याला ते आवडत नव्हतं.

कापलेल्या शेतात भाताचे खुंट तळपायाला टोचत होते. पलीकडे गोदामांचे निळे पत्रे उन्हात चमकत होते. पोकलेनचा ड्रायव्हर सावलीत झोपला होता. माणसं येताना पाहून तो उठून बसला.

दगड धनेशने आयुष्यात पहिल्यांदा जवळून पाहिला. फार मोठा नव्हता. गुडघ्याएवढा, ओबडधोबड. शेंदराचे इतके थर बसले होते की खालचा दगड दिसतच नव्हता. हिरूने हा एकट्याने उचलून आणला असेल, त्याला वाटलं, आणि त्याला पहिल्यांदाच हिरू नावाच्या माणसाचं वय आठवलं. अठ्ठावीस. आपल्यापेक्षा आठ वर्षांनी लहान.

धाकली दगडासमोर उकिडवी बसली. "बाय," ती म्हणाली, शेजारच्या घरात हाक मारावी तशी. "पोर गावला गं. जित्ता होता. म्हातारा होऊन मेला. बापानं सोडला न्हाय त्याला." ती थांबली. "नि तुला बी मुद्दाम न्हाय सोडली. दोर सुटला म्हनं. ते आमाला ठावं नव्हतं. लखमाला ठावं नव्हतं. त्यानं हिरूला लई शिव्या दिल्या, त्या आमी परत घेतो."

मग तिने मागे वळून पाहिलं. "या इकडं. तू, नि ती पोरगी. म्होरं या."

पूर्वी लगेच गेली. धनेश जागचा हलला नाही, तेव्हा धाकलीने त्याचं मनगट धरून ओढलं. तिच्या हातात जोर होता. तिने त्याला दगडापुढे उभा केला आणि तोंड वर करून निरखून पाहिलं.

"नाक लखमाचं हाय," ती म्हणाली.

"तुम्ही लखमाला पाहिलं होतं?" पूर्वीने विचारलं.

"मी कुठनं बगनार? माझ्या जल्माआधीच मेला तो. पन आमच्या पाड्यात समद्यांचं असंच हाय, बसकं."

सुवर्णा हसली. रामनाथही हसला, आणि मग तोंड फिरवून बराच वेळ खाडीकडे बघत राहिला. पुतळाबाई बांधाच्या उतारावर टेकली होती. तिने तंबाखूची पुडी सोडून धाकलीपुढे धरली, आणि दोघी कुठल्याशा कापणीची गोष्ट बोलायला लागल्या, जशा कालपर्यंत बोलतच होत्या.

धनेशचा फोन वाजला. कंपनीचा मोजणीवाला होता, डोंबिवलीचा मराठी माणूस. सोमवारी किती वाजता यायचं आणि खुणा कुठून घालायच्या, विचारत होता.

"दहाला या," धनेश म्हणाला. "पण बांधाच्या अलीकडून मोजा."

"अलीकडून? नकाशात तर बांध धरलाय, साहेब."

"नकाशा बदलून देतो. मी स्वतः येऊन बोलतो तुमच्या साहेबांशी."

"पण कारण काय सांगू वर? बांध तुमच्याच नावावर आहे ना?"

धनेशने दगडाकडे पाहिलं. धाकली पुतळाबाईला काहीतरी सांगत हात हलवत होती. सुवर्णा पूर्वीच्या खांद्यावरून वाकून मोबाइलमध्ये त्या कागदाचा फोटो काढत होती. त्याचं मनगट अजून थोडं दुखत होतं.

"नावावर आहे," तो म्हणाला. "पण जागा आमची नाही. आजोळची आहे."